दुकानवाल्या अक्कास, खानापूरहून

अक्का, तोंडावर थँक्यू म्हटलं तर तू हसशील, म्हणून लिहिते.

दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावला गेले तर फिजिक्स सगळं इंग्लिशमध्ये, सर बोलायचे, मी नुसती उतरवून घ्यायची. टेस्टला प्रश्न आला, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, अल्फा कण, यांचा चार्ज (विद्युतभार) भागिले मास (वस्तुमान) चढत्या क्रमाने लावा. मी अल्फा सगळ्यात वर ठेवला, चार्ज डबल आहे की! शून्य मार्क.

संध्याकाळी साखर न्यायला दुकानात आले तर तू पेपर ओढून घेतलास, काउंटरवरची तांदळाची पोती दाखवत म्हणालीस, चार्ज म्हणजे बैल समज आणि मास म्हणजे पोती, आता सांग एका पोत्यामागं बैल किती. प्रोटॉनला एक बैल एक पोतं. अल्फाला बैल दोन पण पोती चार, म्हणजे जोर प्रोटॉनच्या निम्मा. न्यूट्रॉनला पोतं आहे, बैलच नाही, म्हणून शून्य. आणि इलेक्ट्रॉन? तू वजनकाट्यावर मूठभर तांदूळ टाकलेस, दोन दाणे काढलेस, एक घातलास, 27 ग्रॅमवर थांबलीस. पन्नास किलोच्या पोत्याचे 1836 भाग केले की एक भाग एवढाच, आणि त्याला बैल मात्र अख्खा एक! (बैल उलट्या दिशेला ओढतो ते वेगळं, तू म्हणालीस, तुलना करताना चिन्ह सोडून दे.) तेव्हा कुठं ते आकडे डोक्यात बसले, इलेक्ट्रॉनचा 1.76 गुणिले दहाचा अकरावा घात, प्रोटॉनचा 9.58 गुणिले दहाचा सातवा, कूलॉम (चार्ज मोजायचं एकक) दर किलोला.

मधे गिऱ्हाईक आलं, त्याला पाव किलो रवा बांधून देत देतच तू थॉमसन या शास्त्रज्ञाचं सांगितलंस, 1897 साली त्याला इलेक्ट्रॉनचा चार्जही वेगळा माहीत नव्हता आणि मासही, काचेच्या नळीतले इलेक्ट्रॉनचे किरण चुंबकानं आणि विजेनं किती वाकतात एवढ्यावरून त्यानं नुसतं गुणोत्तर काढलं, नळीतला गॅस बदलला तरी साधारण तेच. मला तर हे पुस्तकातल्या त्या आकृतीपेक्षा भारी वाटलं, बैल दिसत नाही, पोतं दिसत नाही, फक्त गाडी किती वळली ते बघायचं.

फायनलला तसलाच प्रश्न आला, अल्फाऐवजी ड्यूटेरॉन होता. एक बैल, दोन पोती. पेपरात बैल काढला नाही एवढंच.

रविवारी बेळगावहून येताना तुला कुंदा आणते. आणि त्या दिवशी साखर न्यायचीच राहिली होती, आईनं चहाच्या वेळेला विचारल्यावर आठवलं.