पिल्लाच्या पाठीवर नंबर

मालवण

प्रिय बाबल्या,

गणपतीनंतर माझा फोन नाही, पत्र नाही. काय शिव्या घालायच्या त्या घाल आणि मग पुढे वाच. घरी सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, माझी बीपीची गोळी चालू.

लिहायला बसलो ते एका कानमुशीच्या, म्हणजे त्या हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कच्या, पिल्लापायी. ते पिल्लू सोडलं असं आईला सांगितलं तर म्हणाली, ‘मोरी सोडलंस? मटाण झाला असता!’ मग तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

विद्यापीठातली दोन मुलं सध्या धाकल्याच्या होडीवर येतात. जिवंत मुशी गावली की मोजतात, नंबर लावतात, सोडतात. परवा मीही गेलो. कानमुशी जाळ्यात तग धरत नाही हे तुला ठाऊक आहे, पण ही नुकतीच अडकलेली. ओल्या गोणपाटावर घेतली, डोळ्यांवर भिजलं फडकं, आणि कल्ल्यांतून पाणी खेळतं राहावं म्हणून तोंडात नळी. धरायला मी. उताणी केली तशी एकदम निपचित झाली. छातीच्या दोन परांमध्ये बेंबीची खूण, अजून न भरलेली! आईच्या पोटात दहा-अकरा महिने काढून आलेलं पोर, हातभर लांब. पाठीवरच्या पराच्या मुळाशी नंबराची बारीक पट्टी टोचली, पाण्यात धरून ठेवली. शेपटी हलली तशी खरखरीत कातडीने माझा तळहात सोलून निघून गेली.

तेव्हापासून दांडीच्या किनाऱ्यावरचं आपलं भांडण आठवतंय. ‘सोडलेलो मासो बाजूच्या होडयेक गावता,’ असं तू म्हणालास आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. (चहाचे पैसे मात्र तेव्हाही मीच दिले होते.) आता वाटतं, गावू दे. पण ज्याला गावेल तो सांगेल का?

माझा जीव अडकलाय तो इथेच. अमेरिकेत 1962 पासून हौशी गळवाले आणि मच्छीमारच मुशींना नंबर लावतात. दोन लाखांहून जास्त लावले, त्यातल्या शंभरांमागे जेमतेम पाच-सहांची खबर परत आली. आपल्याकडे तर माणसं घाबरतात. बहिरी म्हणजे तो प्रचंड, देवमाशाएवढा ठिपक्यांचा मुशीच्याच जातीचा मासा 2001 पासून कायद्याने संरक्षित झाला. तेव्हापासून कुठल्याही मुशीवर पट्टी दिसली तर लोक आधी ती पट्टी समुद्रात फेकणार. आणि खबर आली तर काय होतं बघ: ओडिशात 2021 मध्ये नंबर लावलेलं कासव 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलं. कोणीतरी वाकून नंबर वाचला म्हणून कळलं ना! आमचं पिल्लू कुठे वाढतं, कुठल्या खाडीच्या तोंडाशी फिरतं, हे कळलं तर तेवढा भाग तेवढे महिने जाळ्यांविना ठेवा असं आपणच म्हणू शकू. वर्षाला थोडीच पिल्लं घालणारी ही जात बांगड्यासारखी भरून निघत नाही.

तू ससून डॉकात आहेस. पहाटे मुशींचे ढीग तुझ्यासमोर पडतात. लिलाववाल्यांना, सोलणाऱ्या बायकांना सांग: संरक्षित नसेल तो मासा विका, खा, पण नंबर, जागा, तारीख, लांबी कळवा. तुझा शब्द तिथे चालतो, माझा नाही.

खोलीचं काय झालं? पोरीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. विद्यापीठातल्या त्या मुलांचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, मोठ्या अक्षरात उतरवून वजनकाट्यापाशी चिकटव.

तुझा,
नंदू