काकूंची शिवण

लालबाग, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझा फोन आला, मी उचलला नाही आणि नंतर केलाही नाही. त्याचं वाईट वाटतंच. पण आज लिहितोय ते वेगळ्या कारणाने. अण्णांच्या घोंगडीची शिवण मी परवा उसवली. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईने, घातलेली. तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक काढली. घडी वरून छान दिसत होती, उलगडली तर आत कसर! पांढऱ्या बारीक अळ्या, आणि जळक्या कोपऱ्याशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढी चार भोकं. (तो कोपरा स्टोव्हवर तूच जाळलास. चाळीस वर्षं माझं नाव सांगतोस, ते बंद कर.) लोकर खातात त्या अळ्याच, उडणारं पाखरू काही खात नाही. आणि घाम-तेल मुरलेली लोकर त्यांना जास्त आवडते. आपण दोघं गॅलरीत तीच ओढून झोपायचो, त्यामुळे घामाला काय तोटा!

अण्णा म्हणायचे, घोंगडी धुवायची नसते, उन्हात टाकायची आणि काठीने झोडपायची. तूही यावरून माझ्याशी किती भांडलायस. म्हणून आधी तेच केलं, दोन दिवस गच्चीवर ऊन दिलं. कुबट वास हटेना. बाहेर धुवायला देण्याची हिंमत झाली नाही. आमच्या सूनबाईंचं लोकरी पांघरूण एका ठिकाणी गरम पाण्यात मशीनला लावलं होतं, ते बसकराएवढं आणि पुठ्ठ्यासारखं होऊन परत आलं. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, मग काही केल्या सुटत नाहीत.

म्हणून घरीच. रात्री रिठे भिजत घातले, सकाळी उकळून, गाळून पार गार होऊ दिले. नळाला पाणी आल्या आल्या मोरीतला मोठा टब भरला आणि घोंगडी नुसती दाबून बुडवली, चोळली नाही. पाणी आधी चहासारखं झालं, मग काळंभोर. आणि वास? जिन्यात मेंढ्यांचा कळप उभा आहे असं वाटावं. शेजारच्या वहिनी दारात आल्या, "भावजी, काय आणलंत हो घरात?"

इथवर सगळं ठीक होतं. कोरडी असताना तीन किलोची घोंगडी पाणी प्यायल्यावर मला एकट्याला हलेना. ही माहेरी गेलेली. एक टोक धरून उचललं तर दोन पट्ट्या जोडणाऱ्या मधल्या शिवणीपाशी टर्रर्र आवाज आला. काकूंचा तो काळा दोरा सुती, अण्णांच्या बॉबीनवरचा. सूत ओलं झालं की बळकट होतं आणि लोकर ओली झाली की कमजोर. आपल्या दोघांना हे अण्णांनीच शिकवलेलं. दोरा शाबूत होता आणि दोन्ही पट्ट्यांच्या काठांना कापत चालला होता. अजून एक हिसका बसला असता तर काठच फाटले असते. मग मी ठरवलं.

ती शिवण कधी घातली, आठवतं ना? 1982, 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याच आठवड्यातली गोष्ट. ओढाओढी करून आपण दोघांनी घोंगडी मधोमध उसवली. (रडत होतास तू, मी नव्हे.) अण्णा एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली, उंबऱ्यात बसल्या आणि दाभणाने रात्रीतून शिवून दिली. परवा ते टाके पहिल्यांदा जवळून पाहिले. एकेक बोटाच्या पेराएवढा, सगळे सारखे. फक्त एका जागी दोरा संपला असावा, तिथे तिळाएवढी गाठ मारून पुढे नवा दोरा घेतलाय. ती गाठ कापवेना. सुईच्या टोकाने अर्धा तास सोडवत बसलो.

पुढचं सोपं गेलं. एकेक पट्टी वेगळी, चार पाण्यातून काढली, शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. पिळली नाही, जुन्या पंचांत गुंडाळून वरून दाबली. दोरीवर टाकली असती तर स्वतःच्याच वजनाने लांबली असती, म्हणून गच्चीवर सावलीत खाटेवर आडवी पसरली. धुण्याआधी सुतळीने माप घेऊन ठेवलं होतं. दोन्ही पट्ट्या बोटभरही आटल्या नाहीत.

आता पंचाईत ही. दोरा पाच तुकड्यांत निघाला, अण्णांच्या तंबाखूच्या डबीत ठेवलाय. त्याच दोऱ्याने शिवली तर पुढच्या वेळी तो पुन्हा काठ कापणार. लोकरीच्या धाग्याने शिवावी, हे मला पटतं. पण मग काकूंचं त्या घोंगडीत काय राहिलं? परवापासून हेच डोक्यात आहे, रात्री झोप नाही. आईच्या हातचं काम तुझं आहे, तूच ठरव.

गुडघ्याचं ऑपरेशन कधी? चिंगीची पुण्याची नोकरी पक्की झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. माझी साखर आटोक्यात आहे.

पट्ट्या पूर्ण वाळल्या की अण्णांच्या धोतरात बांधतो, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. प्लास्टिकमध्ये नाही, इथल्या दमट हवेत बुरशी धरेल. तुझं उत्तर येईपर्यंत दाभण हातात घेत नाही.

तुझा,
पम्या