आई-बाबा, फॉर्म भरून टाकलाय

आई, बाबा, नमस्कार.

परवा फोनवर माझ्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर थांबत नाही त्या आजाराच्या, अभ्यासात नाव द्यायचा विषय काढला तर बाबा एकदम म्हणाले, "कशाला उगी नाव द्यायचं," आई गप्प झाली, मग मीच बोअरला पाणी किती हाय ते विचारत बसलो. म्हणून लिहायलोय. नाव दिलंय मी. सही पण झालीय.

रागावू नका, आधी ऐका तरी. त्यात रक्त काढत नाहीत, नवीन औषध टोचत नाहीत, नुसते प्रश्न हायेत. प्रोब म्हणतात त्याला, आणि त्यात हिमोफिलियावाल्या लोकांचाच पुढाकार आहे म्हणून तर मला पटलं. रोज दुखतं का, गोळी लागते का, काठी-कुबडी लागते का, शाळा-नोकरी किती बुडली. ० ते १०० ची एक पट्टी पण असते, आज तब्येत कशी वाटायली तिथं खूण करायची. डॉक्टरच्या कागदावर माझं फॅक्टर ८, रक्त गोठवणारं ते, एक टक्क्याच्या खाली एवढंच येतं, पण जिना उतरताना डावा घोटा कसा धरतो ते कोणत्या रिपोर्टात दिसतंय सांगा बरं? उद्या फॅक्टरची इंजेक्शनं वाढवून मागायची म्हणलं तर असंच लिहिलेलं दाखवावं लागतं. आणि नाव कुठं छापून येत नाही, सेलूत कुणाला कळत नाही. (तसं अर्ध्या सेलूला माहीतच हाय म्हणा.)

मी बरा आहे. फॅक्टर वेळेवर घेतो, फ्रीजात मधल्या कप्प्यात नीट ठेवलेलं असतं, फिजिओचे व्यायाम पण चालू आहेत. डबेवाल्या मावशी ज्वारीची भाकरी देतात, जरा जाडच असते, पण मिळते. कमोड बसवून घेतलाय, गुडघा वाकवायची कटकट गेली.

आई, फॉर्ममधी लहानपणाचा प्रश्न आला तेव्हा तू गोधडीचे तुकडे कापून माझ्या चड्डीला गुडघ्यावर आतून शिवायचीस ते आठवलं. उन्हाळ्यात कसलं गरम व्हायचं, आणि मी पोरांसमोर रडायचो. अंगावरचे निळे डाग बघून गुरुजींनी तुलाच विचारलं होतं ना, पोराला मारता का म्हणून.

आता तुझं. ज्या बाईकडून हे पोरात येतं तिलासुद्धा तो फॉर्म भरता येतो. दाढ काढली तेव्हा दोन दिवस टॉवेल धरून बसली होतीस, डॉक्टर म्हणाला उष्णता हाय. धाकटी बहीण झाली तेव्हा तुझ्या बाळंतपणात काय झालं ते आत्या अजून सांगते. तुला कुणी कधी विचारलंच नाही. फॅक्टर १०० तले ४० च्या खाली आलं तर बाईला पण सौम्य हिमोफिलियाच म्हणतात आता, म्हणून एकदा तपासून घे. माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं हे बंद कर आधी. तीनातल्या एका केसमधी तर घरात आधी कुणालाच नसतं, आपल्याकडं मामाचं होतं, त्यात तू काय केलंस? फॉर्मचा मात्र आग्रह नाही, वाटलं तर भर. तपासणीचा आहे.

आणि धाकटीला पण ने, बाळंतपणाच्या आधी. तिच्यात ते आलं असायची शक्यता निम्मी. गरोदरपणात फॅक्टर ८ वाढतं आणि नंतर झपाट्यानं उतरतं, म्हणून तिच्या डॉक्टरीणबाईला माझं सगळं आधीच सांगायचं, मुलगा असला तर बाळाला चिमटा-व्हॅक्युम लावायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नसते. सासरचे काय म्हणतील ते मी जावईबापूंशी बोलतो, तुमी मधी पडू नका.

बाबा, मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणून आईला देऊ नका, अ‍ॅस्पिरिन तर बिलकुल नाही, रिपोर्ट येईस्तोवर पॅरासिटामॉलच. तुमची बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी का नंतर ते डॉक्टरला विचारा, मला नाही. आणि टाकी बघायला गच्चीवर चढणं बंद, शेजारच्या पोराला सांगा.

पाडव्याला येतो. तेव्हाच दोघींना संभाजीनगरला घेऊन जाऊ, गाडी मी सांगितलीय, एसटीनं नाही. आई, धपाटे करून ठेव, तिळाचे.

तुमचा,
बाळू