घुबडावरची चीर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एवढे पैसे मोजून चिरलेलं नाणं कशाला घेतलंस? शेजारचं किती छान होतं!" मागून आई हसली, म्हणून मी विषय बदलला. आता निवांत सांगतो.

नाणं अथेन्सचं, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. चार ड्राख्मांचं (ड्राख्मा म्हणजे तिथलं चलन), म्हणजे साधारण १७ ग्रॅम चांदी. (ड्राख्माचंच आपल्याकडे 'द्रम्म' झालं आणि त्यातून 'दाम'.) एका बाजूला अथीना देवी, दुसरीकडे तिचं घुबड. आजी फोटो पाहून म्हणाली, "घरात घुबड आणलंस?" अथीनेच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्यात मावलेलाच नाही. ठसा हातानं, हातोड्याच्या घावानं उमटवायचे. चकती जराशी सरकली की गेला तुरा.

आणि ती चीर. घुबडाच्या बरोबर छातीवर. अथेन्सची ही नाणी इजिप्त, सिरियाकडे वजनावर चालायची. तिथल्या कुणाला तरी वाटलं असणार, वर मुलामा आणि आत तांबं तर नाही? ठेवली छिन्नी, घातला घाव. शंका काही उगाच नव्हती. युद्धात तिजोरी आटली तेव्हा खुद्द अथेन्सनं चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी पाडली होती.

पुढे इ.स.पू. ३७५ च्या सुमारास तिथं कायदाच झाला. बाजारात पेढ्यांजवळ सरकारी पारखी बसायचा. आत तांबं किंवा शिसं निघालं की नाणं तिथल्या तिथं चिरायचं. चांदी खरी असेल तर मालकाला परत. हा पारखी कोण, तर गुलाम. त्याचा शब्द अख्ख्या बाजारानं मानायचा, पण जागेवर बसला नाही तर त्यालाच पन्नास फटके. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत ही चांदी खणणारेही बहुतेक गुलामच. घुबडाकडे बघताना मला ते आठवत राहतं.

माझं पहिलं नाणं तुला ठाऊक नाही. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. एका प्रदर्शनात घेतलं, गुळगुळीत, देखणं. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर कडेनं बारीक शिवण! साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली. आईला आजतागायत किंमत सांगितलेली नाही, तूही विचारू नकोस.

म्हणून या वेळी चिरलेलंच उचललं. त्याची परीक्षा माझ्याआधी कुणीतरी करून ठेवली आहे, तीही फुकट. सोबत आधीच्या मालकाची १९६८ सालची चिठ्ठी आहे, पिवळी पडलेली. त्याच्या आधीचं मात्र घुबडालाच माहीत.

सुट्टीत आलीस की दिव्याखाली धरून चिरेत बघ. तळापर्यंत चांदीच आहे. आणि वजनकाटा तुझ्या टेबलावर ठेवलाय, तो हलवू नकोस.

तुझा,
बाबा