सूचना : मुलांच्या 'डीएनए' चाचणीबाबत

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला काही घरांत सध्या पत्रकं येत आहेत. मुलाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना द्या, आम्ही जनुकांवरून त्याची शाखा आणि अभ्यासाची पद्धत सांगतो, असा दावा आहे. कृपया घाईनं पैसे भरू नका.

या विषयावरचा सुमारे ३० लाख लोकांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण किती वर्षं शिकतं, यातल्या फरकाचा जेमतेम १२ ते १६ टक्के भाग जनुकीय गुणांकातून (अनेक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेल्या आकड्यातून) उलगडतो. तोही समूहाचा हिशेब. तुमची सातवीतली मुलगी सायन्सला जावी की कॉमर्सला, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्या अभ्यासातली माणसं युरोपीय वंशाची होती, त्यामुळे आपल्या मुलांना हा गुणांक आणखी कमी लागू पडतो.

श्रवणदोष किंवा वाढीतली अडचण पाहून डॉक्टरांनी सुचवलेली जनुकीय तपासणी ही वेगळी गोष्ट. ती मात्र टाळू नका.

नमुना आधीच दिला असेल तर तो कुठे ठेवला, कोणाला दिला, कधी नष्ट करणार, हे लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, म्हणून सही करण्याआधी फॉर्म पूर्ण वाचा. नमुन्यातून भावंडांचीही काही माहिती जाते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. पत्रकं सोबत आणा. मुलांचे रिपोर्ट ग्रुपवर टाकू नयेत, ही कळकळीची विनंती.

– सचिव, पालक मंडळ