दूध तोडलेल्या पिल्लांच्या लॅक्टोबॅसिलस पावडरीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

फलटण तालुक्यात माझं लहानसं वराहपालन आहे. दूध तोडल्यावर पिल्लांना लागणारी हगवण टळावी म्हणून मी एप्रिलमध्ये तुमची लॅक्टोबॅसिलस, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंची, पावडर घेतली. ‘२५ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा’ असं पाकिटावर तुम्हीच छापलं आहे. माल मात्र भर दुपारी उघड्या टेम्पोतून आला. इकडे तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. पाकिटं फोडली तर पावडरीचे गोळे झालेले, म्हणजे ओलही लागलेली.

हे जिवाणू जिवंत पोटात गेले तरच उपयोग. पिल्लू अंगावर पितं तोवर त्याच्या जठरात स्वतःचं आम्ल बेताचंच असतं. दुधातल्या साखरेपासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणात हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला वाढणं जड जातं. साधारण २८ दिवसांनी दूध तुटलं की लॅक्टोबॅसिलसची संख्या घटते, नवा खुराक पचत नाही आणि ई. कोलायला मोकळं रान मिळतं. नेमक्या त्याच दिवसांसाठी आम्ही पैसे मोजतो. माझी काही पिल्लं हगवणीनं दगावली. सगळा दोष पावडरीचाच असं मी म्हणत नाही, पण तिचा काडीचा आधार झाला नाही.

पाकिटावर जिवाणूंची संख्या आहे ती ‘उत्पादनाच्या वेळची’. मुदत संपेपर्यंत किती जगतील, ते कुठेच नाही. प्रजातीही नाही. रॉयटेरी, अमायलोव्होरस या लॅक्टोबॅसिलसच्या प्रजाती डुकराच्या आतड्यात मुळातच राहणाऱ्या. तुम्ही कोणत्या भरता ते आम्हाला कळायलाच हवं.

सगळ्यात राग आला तो तुमच्या प्रतिनिधीच्या उत्तराचा. ‘पाण्यातून कोलिस्टिन द्या,’ म्हणाला. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता कोलिस्टिनच्या विक्रीवर केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्येच बंदी घातली आहे. माणसांसाठी, बाकीची औषधं चालेनाशी झाली की वापरायला, अगदी शेवटी राखून ठेवलेलं प्रतिजैविक आहे ते. असा सल्ला गावोगाव जात असेल तर तो आधी थांबवा.

माझ्याकडे त्याच बॅचची बंद पाकिटं आहेत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा दोघांना मान्य अशा प्रयोगशाळेत जिवंत जिवाणूंची मोजणी करून घेऊ. खर्च तुमचा. संख्या छापल्यापेक्षा कमी निघाली तर पूर्ण पैसे परत हवेत आणि ही बॅच बाकीच्या वराहपालकांकडूनही मागे घ्यावी. पोटापाण्यासाठी घेतलेला माल आहे, त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दाद मागायची माझी तयारी आहे. लेखी उत्तर पंधरा दिवसांत द्यावं.

आपला,
एक वराहपालक, ता. फलटण, जि. सातारा

सोबत : पावतीची प्रत, पाकिटांचे फोटो