जॉन मॅकी, क्रमांक ८८

कॅटन्सव्हिल, मेरीलँड
दि. १२ ऑक्टोबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला तो वेळ नव्हता म्हणून नव्हे, तर तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या म्हणून. मागे व्हिडिओ कॉलवर माझ्या खोलीच्या भिंतीवर ८८ क्रमांकाची निळी जर्सी घातलेल्या खेळाडूचे छायाचित्र तुला दिसले होते आणि तो कोण, असे तू विचारले आहेस. दुसरी गोष्ट तू शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत लिहिली आहेस. तुझ्या संघातला उजवा कोपरारक्षक पकड करताना चढाईपटूचा गुडघा डोक्यावर बसून खाली पडला, काही क्षण त्याला काही उमगेना, आणि तरीही दुसऱ्या संध्याकाळी तो उपांत्य सामना पूर्ण खेळला. ही ओळ तू कौतुकाने लिहिलीस, हे मला दिसते. त्या छायाचित्राची हकीकत आधी सांगतो, मग त्या मुलाकडे येतो.

छायाचित्रातल्या माणसाचे नाव जॉन मॅकी. तो बॉल्टिमोर कोल्ट्स या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळत असे आणि त्याची जागा होती टाइट एन्डची. ही जागा समजल्याशिवाय तो माणूस समजणार नाही, आणि तू कबड्डीचा प्रशिक्षक असल्यामुळे तुला ती लवकर समजेल. या खेळात दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्याच्या हाती असतो त्या संघाचे मधले पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. समोरच्याला अडवायचे एवढेच त्यांचे काम, फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा त्यांना सहसा नसते. त्यांच्यापासून दूर, मैदानाच्या कडेला, चपळ झेलकरी उभे असतात. या भिंतीच्या टोकाला, शेवटच्या गड्याच्या खांद्याला खांदा लावून जो उभा राहतो तो टाइट एन्ड. एका डावात तो भिंतीचा सहावा दगड असतो आणि स्वतःहून जड माणसाला अंगावर घेतो. पुढच्याच डावात तो भिंतीतून निसटून धावतो आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकण्याचे काम असलेल्या गड्याने, फेकलेला चेंडू झेलतो. तो यातले काय करणार हे चेंडू हलेपर्यंत समोरच्यांना कळू नये, यातच त्या जागेचे सारे मर्म आहे. आपल्या कोपरारक्षकानेच संघाचा मुख्य चढाईपटूही व्हावे, असे काहीसे समज.

मॅकी १९६३ मध्ये व्यावसायिक खेळात आला तेव्हा या जागेकडून बहुतेक संघांची अपेक्षा अडवण्यापुरतीच होती. दोन वर्षे आधी शिकागो बेअर्सच्या माइक डिटकाने पहिल्याच हंगामात ५६ झेल घेऊन त्या समजुतीला धक्का दिला होता. मॅकीने त्यात वेगाची भर घातली. सहा फूट दोन इंच उंची, सव्वादोनशे पौंडांच्या आसपास वजन आणि तरीही झेलकऱ्यांच्या बरोबरीने धावणारे पाय, अशी अंगलोट या जागेवर तोवर कुणी पाहिलेली नव्हती. पहिल्या हंगामात त्याने ३५ झेलांत चेंडू ७२६ यार्ड पुढे नेला, म्हणजे एका झेलामागे वीस यार्डांहून अधिक. १९६६ मध्ये त्याने नऊ टचडाउन केले, म्हणजे नऊदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि त्यांतले सहा पन्नास यार्डांहून लांबचे होते. त्याच वर्षीच्या डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या एका धावेचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. झेल अगदी साधा आहे, पण त्यानंतर एकामागून एक बचावपटू त्याच्यावर आदळतात आणि भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखे उलट फेकले जातात. मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल, सांगता येणार नाही. मात्र अलीकडे ती पाहताना नजर त्याच्या पायांवर राहत नाही, डोक्यावर जाते.

मी बॉल्टिमोरच्या या उपनगरात राहायला आलो तेव्हा कोल्ट्स इथे नव्हतेच. १९८४ च्या मार्चमध्ये संघाच्या मालकांनी रातोरात सामान मालट्रकमध्ये भरून संघ इंडियानापोलिसला हलवला, आणि ती रात्र इथल्या जुन्या माणसांना घरातल्या मृत्यूसारखी आठवते. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, ते पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मॅकी मला त्यांच्याकडून मिळाला. तेहतिसाव्या रस्त्यावरच्या ज्या मेमोरियल स्टेडियममध्ये त्यांनी त्याला पाहिले होते, ते आता पाडून टाकलेले आहे. पण तिथे नेऊन त्यांनी मला कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनिटास कुठून चेंडू फेकत असे आणि मॅकी कुठे वळत असे, हे फुटपाथवर उभे राहून दाखवले होते.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत प्रसिद्ध झेल १७ जानेवारी १९७१ चा, मायामीत झालेल्या पाचव्या सुपर बोलमधला, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यातला. समोर डॅलस काउबॉइज होते आणि कोल्ट्स ०-६ असे मागे होते. युनिटासने चेंडू मॅकीकडे फेकलेलाच नव्हता. तो एडी हिंटनसाठी होता. हिंटनच्या हातांना लागून तो वर उडाला, डॅलसच्या मेल रेनफ्रोच्या बोटांना निसटता स्पर्श करून आणखी पुढे गेला आणि मागे असलेल्या मॅकीच्या हातांत पडला. तिथून तो थेट टचडाउनपर्यंत धावला. एकूण ७५ यार्ड. त्या काळच्या नियमाप्रमाणे एकाच संघाच्या दोन खेळाडूंना चेंडूला लागोपाठ स्पर्श करता येत नसे, मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श व्हावा लागे. त्यामुळे रेनफ्रोची बोटे चेंडूला लागली की नाही यावर सगळा निकाल होता. पंचांनी लागली असे ठरवले, रेनफ्रो नाही म्हणत राहिला. सामना शेवटी कोल्ट्सने १६-१३ असा जिंकला आणि तो नियम पुढे १९७८ मध्ये रद्द झाला.

दहा हंगामांत ३३१ झेल, ५,२३६ यार्ड, ३८ टचडाउन. दहा वर्षांत तो फक्त एका सामन्याला मुकला. पुढे टोनी गोन्झालेझ या टाइट एन्डने १,३२५ झेल घेतले, म्हणून नुसते आकडे पाहणाऱ्याला मॅकी लहान वाटेल. पण गोन्झालेझसारख्यांना झेलण्यासाठी म्हणून या जागेवर उभे केले जाऊ लागले, याला डिटका आणि मॅकी कारण आहेत.

छायाचित्र भिंतीवर लावले ते मात्र एवढ्यासाठी नव्हे. १९७० मध्ये दोन व्यावसायिक लीग एकत्र आल्या, त्यांच्या खेळाडूंच्या संघटनाही एक झाल्या आणि या एकत्रित संघटनेचा पहिला अध्यक्ष म्हणून मॅकीची निवड झाली. त्याच जुलैमध्ये त्याने खेळाडूंना संपावर नेले आणि निवृत्तिवेतन व विमा यांत सुधारणा पदरात पाडून घेतली. हा माणूस त्या वेळी अजून खेळत होता, हे लक्षात घे. ज्या मालकांशी तो सकाळी वाटाघाटी करी, त्यांच्याच वर्गातला एक मालक त्याचा पगार देत होता. पाचव्या सुपर बोलमधला तो झेल या संपानंतर सहाच महिन्यांनी आला. पुढच्या हंगामानंतर कोल्ट्समधले त्याचे दिवस संपले, १९७२ चा शेवटचा हंगाम तो सॅन डिएगोकडून खेळला आणि थांबला.

त्यानंतर त्याच्या नावाने खटला उभा राहिला. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची आणि तडजोड न झाल्यास ती किती हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार, असा एक नियम होता. भरपाईत कोणता खेळाडू किंवा विद्यापीठांतले नवे खेळाडू निवडण्याचा पुढचा कोणता हक्क गमवावा लागेल हे आधी कळत नसल्याने कुणी कुणाला घ्यायलाच धजत नसे. म्हणजे करार संपूनही खेळाडू बांधलेलाच राही. गंमत नव्हे, दैवगती म्हणावी अशी गोष्ट ही, की आर. सी. ओवेन्स नावाचा झेलकरी सॅन फ्रान्सिस्को सोडून १९६२ मध्ये बॉल्टिमोरला आला, त्यानंतर हा नियम १९६३ मध्ये जन्मला, आणि त्याच वर्षी मॅकी त्याच संघात दाखल झाला. मिनिॲपोलिसच्या न्यायालयात ५५ दिवस सुनावणी चालली, नोंदी अकरा हजार पानांच्या वर गेल्या. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी नियम बेकायदा ठरवला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय मुख्यतः उचलून धरला. पूर्ण मोकळीक यायला १९९३ उजाडले, पण दार प्रथम ढकलले ते या खटल्याने. तोवर मॅकी निवृत्त झालेला होता. या निकालाने त्याचा स्वतःचा पगार एका डॉलरनेही वाढणार नव्हता.

कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनात, त्याची निवड १९९२ मध्ये झाली, पात्रतेच्या पंधराव्या म्हणजे शेवटच्या वर्षी. डिटकानंतर त्या सन्मानाला पोहोचलेला तो दुसराच टाइट एन्ड. इतका उशीर संघटनेतल्या कामामुळे झाला, असे त्याच्या अनेक सहकाऱ्यांना वाटत असे आणि मलाही तसेच वाटते. मैदानावरचा कुठलाही हिशेब या पंधरा वर्षांचे उत्तर देऊ शकत नाही. सन्मानाची अंगठी त्याने इंडियानापोलिसला जाऊन स्वीकारायचे नाकारले. मी बॉल्टिमोरचा, ती बॉल्टिमोरमध्येच घेईन, असा त्याचा आग्रह होता आणि मेमोरियल स्टेडियममध्ये जुन्या प्रेक्षकांसमोर त्याने ती घेतली. आमचे शेजारी त्या दिवशी तिथे होते. हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी बसत असे.

आता यानंतरचे लिहिताना माझा हात जड होतो. पन्नाशी उलटल्यानंतर काही वर्षांनी मॅकीला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा मेंदूचा विकार जडला. स्मृतीबरोबर स्वभाव, भाषा आणि विवेक यांनाही तो पोखरत जातो. विमानतळावरच्या तपासणीत त्याला त्याच्या अंगठ्या काढायला सांगितल्या, तेव्हा त्याला वाटले की आपल्या अंगठ्या हिरावल्या जात आहेत, आणि तो पळू लागला. सुरक्षारक्षकांनी त्याला खाली पाडले. ज्याला डेट्रॉइटचा सारा बचाव पाडू शकला नव्हता, त्याला! त्याची पत्नी सिल्व्हिया त्याला सिरॅक्यूज विद्यापीठात भेटली होती. तिने पन्नाशीनंतर विमानात फ्लाइट अटेंडंट म्हणून, प्रवाशांच्या सेवेची, नोकरी धरली, कारण तिच्या नोकरीबरोबर आरोग्य विमा मिळत होता. २००६ मध्ये तिने लीगचे तेव्हाचे आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांना पत्र लिहिले आणि या आजाराच्या घरात काळजी घेणारा माणूसही कसा संपत जातो, हे मोकळेपणाने सांगितले. त्या पत्रातून २००७ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांची एक योजना उभी राहिली. डिमेन्शिया झालेल्या माजी खेळाडूंना शुश्रूषागृहासाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत मदत, आणि घरीच काळजी घेतली जात असेल तर ५०,००० पर्यंत. योजनेचे नाव त्याच्या जर्सीवरून ‘८८ प्लॅन’ असे ठेवले गेले. विनायक, दुसऱ्यांसाठी भिंत होऊन उभे राहायचे हे त्याचे काम भान हरपल्यावरही चालू राहिले, आणि त्या वेळी त्याचे हात नव्हते, सिल्व्हियाचे होते.

६ जुलै २०११ रोजी तो वारला, वय ६९. त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना देण्यात आला आणि तिथे त्यांना सीटीई आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी निगडित असलेला हा ऱ्हास आहे आणि त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच करता येते. विद्यापीठांतल्या सर्वोत्तम टाइट एन्डला २००० पासून दरवर्षी जॉन मॅकी पुरस्कार दिला जातो. बॉल्टिमोरच्या आजच्या संघातल्या मार्क अँड्र्यूजला तो २०१७ मध्ये मिळाला होता. दर रविवारी मी त्याला खेळताना आनंदाने पाहतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तो कुणावर आदळून सावकाश उठू लागला, की माझ्या तोंडचे शब्द जातात.

आता तुझ्या कोपरारक्षकाविषयी. क्षणभर भान गेले, म्हणजे मेंदूला धक्का बसला होता. दुसऱ्या संध्याकाळी त्याला उतरवणे योग्य नव्हते. तू ते निष्काळजीपणाने केले नाहीस हे मला ठाऊक आहे, आपणही मुले असताना डोक्यावर पाणी मारून पुन्हा मैदानात जात होतो. पण पहिला धक्का पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला, तर तो कितीतरी अधिक घातक ठरू शकतो. त्याला डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेडाचा त्रास किंवा चिडचिड होते का, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचार. सगळ्यांसमोर तो नाहीच म्हणेल. या आठवड्यातच त्याला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत त्याला सरावालाही उभा करू नकोस, मग दिवाळीनंतरची स्पर्धा हातची गेली तरी चालेल. तपासणीचा खर्च मी पाठवतो आहे. मंडळाचे पैसे त्यात घालू नकोस आणि नको म्हणू नकोस. मंडळातल्या मुलांचा विमा उतरवलेला आहे का, तेही कळव. नसेल तर बारा-चौदा मुलांचा वार्षिक हप्ता किती येतो ते विचारून लिही.

डॉक्टर काय म्हणाले ते पत्राची वाट न पाहता लगेच फोनवर सांग. वहिनींना आणि काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
श्रीकांत